अक्षतांवर जाणारा फोकस

शेवटचा 'सावधान' होतो, अंतरपाट बाजूला होतो आणि मांडवातल्या शेकडो हातांतून अक्षता उडतात. नवरा-नवरी एकमेकांकडे बघतात ते याच दोन-तीन सेकंदांत. शूटिंगवाल्याला त्या दिवसभरात दुसरं काही मिळालं नाही तरी निभावतं, हे मिळालंच पाहिजे. नेमका तेव्हाच कॅमेरा चेहरे सोडून भिंगासमोरून पडणाऱ्या तांदळावर जातो, तिथून मागच्या फुलांच्या सजावटीवर, आणि परत चेहऱ्यांवर येईपर्यंत हार गळ्यात पडलेले असतात.

घोडनदीच्या पेठेतला स्टुडिओ असो की दौंडच्या स्टेशनाजवळचा, लग्नसराई सरली की शूटिंगवाल्यांच्या बोलण्यात हा विषय निघतोच: व्हिडिओत फोकस हलतो, बॉडी बदलू का? दुकानदार 'बदला' म्हणतो, तो त्याचा धंदाच आहे. यूट्यूबवरचे परीक्षकही 'बदला' म्हणतात, आणि त्यांच्या हातातला कॅमेरा पुष्कळदा कंपनीने वापरायला दिलेला असतो. माझं म्हणणं वेगळं आहे. 'फोकस हलतो' या एका तक्रारीत तीन निरनिराळे दोष मिसळलेले असतात: एक बॉडीचा, एक लेन्सचा, एक वापरणाऱ्याच्या हाताचा. बॉडी बदलून जातो तो फक्त पहिला. इतर दोन दोष नव्या बॉडीबरोबर नव्या पिशवीत येऊन बसतात.

एके काळी हा प्रश्नच नव्हता. व्हीएचएस आणि मिनी डीव्हीच्या जमान्यात खांद्यावरच्या कॅमेऱ्यातला सेन्सर एक तृतीयांश इंची किंवा त्याहूनही लहान असायचा. एवढ्याशा सेन्सरवर जवळचं-लांबचं जवळपास सगळंच स्पष्ट उमटतं. सनगनचा झोत वऱ्हाडाच्या डोळ्यांत मारला की काम भागायचं. २००८ मध्ये निकॉनचा डी९० आला, लगेच पाठोपाठ कॅननचा ५डी मार्क टू, आणि फोटोच्या कॅमेऱ्याने व्हिडिओ निघू लागला. मोठा सेन्सर, उघडं अ‍ॅपर्चर, मागचं सगळं धूसर. गिऱ्हाइकाला ते 'पिक्चरसारखं' वाटलं आणि सिनेमॅटिकचं वेड लागलं. पण पिक्चरच्या युनिटमध्ये फोकससाठी वेगळा माणूस असतो. हा फोकस पुलर टेपने अंतर मोजतो, जमिनीवर खुणा करतो, त्याप्रमाणे रिंग फिरवतो, आणि चुकलं तर टेक परत होतो. लग्नात टेक परत होत नाही. शूटिंगवाला बहुधा एकटाच असतो, आणि आता त्याच्या हातात गिंबल आहे. दोन्ही हात गिंबलवर अडकल्यावर रिंग फिरवणार कोण? ऑटोफोकस ही चैन न राहता गरज झाली ती गिंबलमुळे, असं मला वाटतं.

आता यंत्राच्या पोटात काय चालतं ते बघू, कारण निम्मा निर्णय तिथेच होतो. आरशाच्या कॅमेऱ्यात, म्हणजे डीएसएलआरमध्ये, फोटोसाठीचा वेगवान फोकस आरशाखाली बसवलेल्या वेगळ्या सेन्सरवर चालतो. व्हिडिओ सुरू झाला की आरसा वर जातो आणि तो सेन्सर आंधळा होतो. मग उरते ती कॉन्ट्रास्टची पद्धत. त्यात भिंग पुढे-मागे सरकवून चित्र जास्तीत जास्त रेखीव कुठे दिसतं ते शोधलं जातं. जुन्या रेडिओवर स्टेशन लावताना बटण थोडं पुढे जाऊन मागे आणावं लागायचं, तसंच हे. नेमकी जागा ओलांडल्याशिवाय ती नेमकी होती हे यंत्राला कळतच नाही. या पुढे-मागे होण्यालाच आपण हंटिंग म्हणतो. फोटोत ते दिसत नाही, व्हिडिओत अख्ख्या भावकीला दिसतं.

फेज डिटेक्शनचं गणित निराळं आहे. तिथे भिंगाच्या दोन बाजूंनी आलेला प्रकाश ताडून फोकस पुढे चुकलाय की मागे, आणि साधारण किती, हे एका मापातच समजतं. ही सोय थेट चित्राच्या सेन्सरवर आणण्यात कॅननचा ७०डी महत्त्वाचा ठरला. २०१३ च्या त्या कॅमेऱ्यात प्रत्येक पिक्सेल दोन भागांत वाटलेला होता, म्हणून नाव ड्युअल पिक्सेल. सोनीने आपल्या मिररलेस कॅमेऱ्यांत फेज डिटेक्शनचे बिंदू वाढवत नेले. २०१८ च्या ए७ थ्रीमध्ये ते ६९३ झाले. पॅनासॉनिकने मात्र मिररलेस असूनही कॉन्ट्रास्टची पद्धत फार काळ सोडली नाही. जीएच५ हा व्हिडिओवाल्यांचा लाडका कॅमेरा, पण त्याच्या सततच्या फोकसवर विसंबणारे थोडे. पॅनासॉनिकच्या घरात फेज डिटेक्शन आलं ते २०२३ च्या सुरुवातीला, एस५ टू या कॅमेऱ्यात.

म्हणून तुमच्याकडे कॅननचा १५००डी, ६डी किंवा ५डी मार्क थ्री असेल, निकॉनचा डी७२००, डी७५० किंवा अगदी महागडा डी८५० असेल, किंवा जीएच५ असेल, आणि कामातला मोठा वाटा चालत्या-फिरत्या व्हिडिओचा असेल, तर फार विचार करत बसू नका. बदला. यांची चित्रं आजही सुंदर येतात, पण व्हिडिओतला सततचा फोकस हे त्यांचं कामच नव्हे, आणि कुठलंही सेटिंग ते बदलू शकत नाही.

खरा पेच मधल्या पिढीचा आहे. ७०डी, ८०डी, २००डी, ६डी मार्क टू, ईओएस आर, ए७ थ्री असे कॅमेरे इकडे खूप आहेत. यांचा फोकस वाईट नाही. नव्या कॅमेऱ्यांशेजारी ठेवला की तो जुना वाटतो, एवढंच. यातच एक सापळाही आहे. २००डी मार्क टू आणि एम५० या कॅमेऱ्यांत ड्युअल पिक्सेल आहे, पण फोरकेवर टाकले की ते चालत नाही. कॅमेरा गुपचूप कॉन्ट्रास्टवर येतो. 'फोरके सुरू केल्यापासून फोकस बिघडला' ही तक्रार खरी असते आणि तिचा उपाय फुकट असतो: १०८० वर परत या. गावाकडच्या लग्नाचा व्हिडिओ शेवटी पेन ड्राइव्हमधून टीव्हीवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरून फोनवर बघितला जातो. तिथे फोरके नसल्याचं कुणाच्या ध्यानात येत नाही, फोकस गेलेला मात्र आजीच्याही ध्यानात येतो.

नव्या पिढीत नेमकं काय वाढलं? जाहिराती वेगाबद्दल बोलतात. वेग आधीही पुरेसा होता. वाढली ती ओळख. ए७ थ्री व्हिडिओत चेहरा ओळखतो, डोळा नाही. ए७ फोर व्हिडिओत माणसाचा, प्राण्याचा आणि पक्ष्याचाही डोळा धरतो. नवरीने मान फिरवली, पदर आडवा आला, मधून करवली गेली, तरी नवा कॅमेरा काही क्षण वाट बघतो आणि परत तिच्यावरच येतो. जुना कॅमेरा मधल्या करवलीला धरून तिच्याबरोबर निघून जातो. कॅननचे आर६ मार्क टू आणि आर८ हेही याच जातीचे. पैसे द्यायचे ते या धरून ठेवण्यासाठी. तुमच्या कामात मधून कुणी जातच नसेल, तर ते पैसे वाया गेले असं समजा.

ही 'ओळख' आपल्या भागातल्या कामाला लावून बघितली की गंमत येते. बैलगाडा शर्यत घ्या. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने शर्यती थांबल्या, १६ डिसेंबर २०२१ ला परवानगी मिळाली, आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने राज्याचा कायदा उचलून धरला. बंदी आली तेव्हा इकडच्या बहुतेकांच्या हातात कॉन्ट्रास्टवाले कॅमेरे होते. शर्यतींचे घाट परत सुरू झाले तेव्हा ए७ फोर जाहीर होऊन दोन महिने झाले होते. आता प्रत्येक गाडामालकाला आपल्या बारीचा व्हिडिओ हवा असतो, तोही संथ गतीतला, बैलांचे खूर आणि उडणारा फुफाटा दिसेल असा. पण आर६ मार्क टूच्या प्राण्यांच्या यादीत कुत्रा, मांजर, पक्षी आणि घोडा आहे, बैल नाही. शिरूर-खेडकडच्या घाटात गाड्यापुढे घोडी पळते आणि तिच्यावर स्वार असतो. हुशार कॅमेऱ्याला एकाच वेळी एक ओळखीचा घोडा आणि एक ओळखीचा माणूस मिळाला की तो मागच्या बैलांकडे कशाला बघेल?

इथे जुनी युक्तीच उपयोगी पडते. ओळख बंद करा आणि फोकस बांधून ठेवा. फुलफ्रेम बॉडीवर २०० एमएमला एफ ८ ठेवून ४० मीटरवर फोकस कायम केला, तर साधारण ३२ पासून ५२ मीटरपर्यंतचं सगळं स्पष्ट राहतं. गाडा त्या पट्ट्यातून जाताना ऑटोफोकसची गरजच पडत नाही. तेच एफ २.८ ला हा पट्टा सात मीटरच्या आसपास येतो. उन्हात एफ ८ ठेवून शटर आवाक्यात राहावं म्हणून एनडी फिल्टर लावावा लागेल. तो नव्या बॉडीच्या तुलनेत किरकोळ खर्च आहे.

उलट तुकोबांच्या पालखीत नवी बॉडी खरोखर कामाला येते. दौंड तालुक्यात यवत आणि वरवंड हे पालखीचे मुक्काम. (यवतच्या पिठलं-भाकरीचं शूटिंग करायला कुठलाही कॅमेरा पुरतो, ताट कुठे पळून जात नाही.) रस्त्यावरच्या दिंडीत एका चौकटीत पन्नास चेहरे, मधून पताका, वीणा, डोईवरची तुळस. चेहरा ओळखणाऱ्या जुन्या कॅमेऱ्याची इथे नुसती तारांबळ होते, कारण त्याच्या लेखी सगळे वारकरी सारखेच. स्क्रीनवर एका बाईवर बोट ठेवायचं आणि गर्दीतून ती पुढे येईपर्यंत कॅमेऱ्याने तिला सोडायचं नाही, हे नव्या ट्रॅकिंगला जमतं. ज्यांना असं काम वारंवार मिळतं त्यांनी खर्च करावा.

मोराची चिंचोली आणि भिगवणचा पाणपसारा हे पक्षीवाल्यांचे मुलूख. चिंचोलीत मोर चिंचेच्या नाहीतर बाभळीच्या फांद्यांआड असतो. पक्ष्याचा डोळा ओळखणारी बॉडी फांदी सोडून मोराला धरते, हा मोठाच फायदा. भिगवणला फ्लेमिंगो लांब असतात, उन्हं चढली की पाण्यावरची हवा थरथरते आणि चित्र विरघळल्यासारखं दिसतं. तो दोष कुठल्याच बॉडीचा नाही. पहाटे लवकर जाणं हा त्यावरचा उपाय. दौंड जंक्शनच्या बाहेर मे महिन्यात लांब लेन्सने येणारी गाडी टिपताना हीच थरथर दिसते. गाड्यांचा नाद असलेल्यांसाठी सांगतो, आर६ मार्क टूच्या यादीत रेल्वेगाडी आहे. बैलाला मिळाली नाही ती जागा इंजिनाला मिळाली.

रांजणगाव आणि कुरकुंभच्या एमआयडीसीतली कामं, म्हणजे कारखान्याची माहितीफीत, सुरक्षा सप्ताह, यंत्राचं उद्घाटन, यांना फोकसचं दुखणं नाही. ट्रायपॉड असतो, माणूस एका जागी उभा असतो. प्री-वेडिंगचंही तेच, जोडी चालायला चुकली की परत चालते. फक्त या कामांवर स्टुडिओ चालत असेल तर बॉडीचे पैसे लाइटमध्ये आणि माइकमध्ये घाला. शेतीवर व्हिडिओ करणाऱ्यांना मात्र, स्वतःच कॅमेरा धरून स्वतःशीच बोलायचं असल्याने, चेहऱ्याचा फोकस खात्रीचा लागतो. तरी त्यासाठी फुलफ्रेमच्या वाटेला जायचं कारण नाही. झेडव्ही-ई१० किंवा आर५० सारखी लहान बॉडी पुरते, आणि पुष्कळांना चांगला फोनही पुरतो. फोनचा सेन्सर लहान असल्याने चुकण्याइतका धूसरपणा मुळात त्यात नसतोच.

आता हातातला दोष. एफ १.८ ची पन्नासची लेन्स 'प्राइम' म्हणून घेतली की ती कायम १.८ वरच ठेवायची, असा जणू नियम झालाय. फुलफ्रेमवर दोन मीटरवरून या लेन्सने एफ १.८ ला जेमतेम १७ सेंटिमीटर खोली स्पष्ट मिळते. १५००डी किंवा ८०डी सारख्या लहान सेन्सरवर ११-१२ सेंटिमीटर. नवरी सप्तपदीला एक पाऊल पुढे आली की ती त्या पट्ट्याबाहेर. जगातला सर्वांत महागडा ऑटोफोकससुद्धा इथे प्रत्येक पावलाला धावतच राहणार. एफ ४ केलं तर फुलफ्रेमवर खोली ३८ सेंटिमीटरच्या आसपास जाते. आणि लहान सेन्सरवर २४ एमएम, एफ ४, तीन मीटर अंतर असं ठेवलं, तर सुमारे २.१ पासून ५.१ मीटरपर्यंत सगळं स्पष्ट. अक्षतांच्या क्षणी मी असलाच एखादा रुंद कोन आणि बांधलेला फोकस पसंत करतो. कॅमेरा तांदळाकडे बघून काही ठरवणार नाही याची तेवढीच खात्री असते.

लेन्सचा दोष ओळखायला सोपा आहे. कॅननची १९९० सालची पन्नास एफ १.८ टू ही लेन्स फोकस करताना घरघरते आणि धक्के देत सरकते. २०१५ ची एसटीएम त्याच कामाला गुळगुळीत चालते. जुन्या लेन्सवर ७०डी लावा की आर६, धक्के येणारच. बॉडी बदलण्याआधी एखादी एसटीएम किंवा नॅनो यूएसएम लेन्स मित्राकडून आणून लावून बघावी. कंपनी बदलायची असेल तर हा हिशेब आणखी वाढतो. कॅननच्या जुन्या ईएफ लेन्सा कंपनीच्याच अ‍ॅडॅप्टरने आर मालिकेवर पूर्ण ऑटोफोकससह चालतात, म्हणून कॅननवाल्याला कॅननमध्येच राहणं स्वस्त पडतं. निकॉनच्या एएफ-डी लेन्सा एफटीझेड अ‍ॅडॅप्टरवर झेड बॉडीत बसतात, पण फोकस हातानेच करावा लागतो. आणि कॅननच्या लेन्सा सोनीवर लावून लग्नाचा व्हिडिओ करण्याचा विचार असेल, तर तो सोडून दिलेला बरा.

या सगळ्याचा निवाडा घराच्या अंगणातही होतो. एका माणसाला आठ मीटरवरून दोन मीटरपर्यंत चालत यायला सांगा, एकदा १.८ वर, एकदा ४ वर. मग तीन माणसं उभी करून मधल्यावर फोकस धरा आणि समोरून एकाला जाऊ द्या. चित्रण कॅमेऱ्याच्या पडद्यावर न बघता मोठ्या टीव्हीवर बघा. माणूस स्थिर असतानाही चित्र श्वास घेतल्यासारखं आत-बाहेर होत असेल, तर ती कॉन्ट्रास्टची खूण आहे. बॉडी बदलल्याशिवाय जाणार नाही. ४ वर नीट आणि १.८ वर गडबड, तर दोष खोलीचा. फोकस भलत्याच माणसावर जातो, तर फोकसचं क्षेत्र 'वाइड' ठेवलंय का ते बघा आणि लहान झोन घ्या. मधून कुणी गेलं की लगेच उडी मारतो, तर सोनीत एएफ सब्जेक्ट शिफ्टची आणि कॅननमध्ये ट्रॅकिंगची संवेदनशीलता कमी करा. बरेच जण ही दोन सेटिंग कधी उघडूनच बघत नाहीत.

अंधाराचा मुद्दा कॅटलॉगवर सोडू नका. आर६ च्या माहितीत उणे ६.५ ईव्हीपर्यंत फोकस होतो असं लिहिलंय, पण ते एफ १.२ च्या लेन्सवर. तुमची लेन्स एफ ४ ची असेल तर तिथेच सुमारे साडेतीन स्टॉप प्रकाश गेला. वरातीत धूर, डीजेचे शार्पी आणि निळे दिवे असतात. तिथे एक छोटा एलईडी चेहऱ्यावर धरणारा पोरगा नव्या बॉडीपेक्षा जास्त फोकस मिळवून देतो.

आता पैसे. समजा जुनी बॉडी देऊन वर दीड लाख घालायचे आहेत आणि हंगामाला २५ ऑर्डरी मिळतात. तीन हंगामांत ७५ ऑर्डरी, म्हणजे ऑर्डरीमागे २,००० रुपये. फोकस चांगला आला म्हणून कुठलाही नवरीचा बाप २,००० जास्त देत नाही. ते पैसे दुसरीकडून वाचले पाहिजेत: गिंबलवर फोकसला लागणारा जोडीदार लागू नये, एडिटिंगला खराब तुकडे टाळत बसण्याचा वेळ वाचावा, किंवा पुण्याच्या स्टुडिओकडून दिवसावर मिळणारं काम 'बॉडी कुठली आहे?' या प्रश्नावर अडू नये. हे शेवटचं कारण कुणी उघड बोलत नाही, पण निम्म्या खरेद्या त्यापायी होतात असा माझा कयास आहे, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. कॅमेऱ्यावर १८ टक्के जीएसटी आहे. तुमची नोंदणी असेल आणि पक्कं बिल घेतलं तर त्याची वजावट मिळू शकते, ती हिशेबात धरा.

बॉडीबरोबर न सांगता येणारे खर्चही असतात. १०० एमबीपीएसने फोरके घेतलं की तासाला ४५ जीबी भरतात. लग्नाचे पाच-सहा तास दोन कॅमेऱ्यांनी घेतले की हार्ड डिस्कची सोय आधी करावी लागते. टेन-बिटची फाइल जुन्या कॉम्प्युटरवर चालता चालत नाही. शिवाय आपल्याकडचा एप्रिल-मे. काही लहान बॉड्या बंद मांडवातल्या पत्र्याखाली फोरके घेताना तापून थांबतात. जुना ८०डी हा ताप देत नाही.

एवढं करूनही समाधान होत नसेल तर पुण्याहून हवी ती बॉडी एका लग्नापुरती भाड्याने आणा, आपल्याच लेन्सवर लावा, आणि जुन्या बॉडीशेजारी ठेवून तोच विधी दोन्हींनी घ्या. बघायचं ते एवढंच, की जुन्या बॉडीने टाकून द्यावे लागलेले तुकडे नव्या बॉडीने किती वाचवले. विकत घ्यायची झालीच, तर आषाढ ते कार्तिक या मोकळ्या काळात घ्या. तुळशीच्या लग्नापर्यंत हाताला तिची बटणं कळतात. जुनी बॉडी लगेच विकू नका. रुंद लेन्स लावून, फोकस बांधून, ट्रायपॉडवर बोहल्यासमोर ती उभी ठेवली तर अक्षतांच्या वेळी तिचा शॉट हमखास हाती लागतो.